बावीस खोकी

टीव्हीवरचा तो बंद पेट्यांचा खेळ
घरी मांडायचा ठरला, तेव्हा खोक्यांना तोटा नव्हता.
एल्दा गावात एखाद्या घरी ताटं कमी पडतील,
बुटांची खोकी नाही पडायची.
बावीस निवडली, झाकणांवर मार्करने आकडे घातले,
सतरा चुकून दोनदा पडला,
मग एकाला सतरा-अ केलं.
आत चिठ्ठ्या, पाच सेंटपासून तीन लाख युरोपर्यंत,
आणि एकात सोललेला लसूण,
कारण चेमा दहा वर्षांचा आहे.

सूत्रसंचालक मी. माइक म्हणजे केसांचा ब्रश.
बँकर फुल्हेंथिओमामा.
टीव्हीवर बँकरचं तोंड दिसत नाही
म्हणून त्याला मोबाइल देऊन न्हाणीघरात बसवला
आणि बाहेरून कडी घातली.
तो टबच्या काठावर बसून ऑलिव्ह खात आकडे लावायचा.
बी बेसिनमध्ये पडली की
फोनवर टण् ऐकू यायचं.

खेळाडू आम्पारोमावशी. चिठ्ठीच तशी निघाली.
"मला नको, माझं शिवण पडलंय," म्हणत
बसली एकदाची. पेरांवर सोल्यूशन वाळलेलं,
ते खरवडत तिने नऊ नंबरचं खोकं
मांडीवर घेतलं, मांजर घ्यावं तसं.

उघड, उघड! पन्नास सेंट. टाळ्या.
वीस युरो. टाळ्या.
एक लाख. अरेरे.
लसूण.

फोन वाजला. "बँक म्हणते, चार हजार."
मावशी म्हणाली, "बरं."
सगळे तिच्यावर ओरडले,
अगं, लगेच बरं काय! खेळ आहे हा. नाही म्हण!

तिला ते जमेना.
तीस वर्षं दर सोमवारी व्हॅन येते,
कातडी वरचे भाग गोणीतून दारात पडतात,
जोडीला किती ते खिडकीची काच खाली करून सांगतात
आणि मावशी म्हणते, बरं.
इंजिन चालूच असतं.
यंत्र तिचं, दोरा तिचा, विजेचं बिल तिचं,
मान तिची.
व्हॅन मामाची.
दर मामाचा नाही, तो फक्त सांगतो.

तिने माझ्याकडे बघितलं, मग ब्रशकडे.
"नाही."
ऐकू आलं नाही म्हणून मी ब्रश ओठांजवळ नेला.
"नाही!"

मग काय. नऊ हजार? नाही.
सोळा? नाही.
गाल लाल झाले होते, वाइनचा एक थेंबही न घेता.
फोन वाजायच्या आधीच नाही.
आजोबा काठी आपटून हसत होते.
"सांग त्याला," ती म्हणाली, "दोरा महागलाय!"
आम्ही लोळलो हसून.
"सांग त्याला, आधी इंजिन बंद कर.
मग बोलू."

न्हाणीघरात ऑलिव्ह थांबलं.

मी फोन कानाला लावून उभी.
नळ ठिबकत होता.
खूप वेळाने मामा म्हणाला,
बँकरच्या जाड्या आवाजात नाही, त्याच्या स्वतःच्या,
"विचार तिला, किती हवेत."

मी विचारलं.
"सव्वादोन," मावशी म्हणाली. "जोडीला."

टेबलावर तीन लाखांची चिठ्ठी अजून बंद होती कुठेतरी,
पण कुणी खोक्यांकडे बघेना.
आई उगाच खुर्च्या सरळ करू लागली.

नऊ नंबर शेवटी चेमानेच उघडला.
आत चिठ्ठी नव्हती. घालायचीच राहिली होती.
नुसता पातळ पांढरा कागद, आणि झाकणाच्या कडेला
मॉडेलचा नंबर, रंग गडद निळा, माप सदतीस.
मावशीने तो वाचला, चष्मा न लावता.
"हा टाचेला फार त्रास देतो शिवताना," म्हणाली
आणि झाकण लावून टाकलं.

फोन अजून चालू होता.
कडी काढायला कुणी उठलं नाही
चेमाला लागेपर्यंत.